तुम्ही विचारलंत म्हणून: हा कोळी नवीन आहे हे कळतं कसं?

महिन्यातून दोनतीनदा तरी कोणी ना कोणी मला कोळ्याचा फोटो पाठवतं आणि खाली एकच ओळ असते, 'मॅडम, ही नवीन स्पिशीज आहे का?' मी म्हणते फोटोवरून नाही सांगता येणार, की लगेच पुढचा प्रश्न, अहो पण तुम्ही कोळ्यांच्याच अभ्यासक ना, मग नवीन आहे हे तुम्हाला तरी कळतं कसं? दरवेळी चार ओळींत काहीतरी उत्तर देते आणि दरवेळी वाटतं अर्धवटच राहिलं, म्हणून आज नीट लिहिते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पिशीज, पण बातमीत 'नवी प्रजाती सापडली' असं येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यांना स्पिशीजच म्हणायचं असतं. म्हणून मी सरळ जीनस आणि स्पिशीज असंच लिहिते, जीनस म्हणजे जवळच्या नात्यातल्या स्पिशीजचा गट.

तर नवीन म्हणजे काय, ज्याचं शास्त्रीय वर्णन आजवर कोणीच छापलेलं नाही ते. ऐकायला सोपं आहे. पण याचा अर्थ असा की हातातला कोळी कसा आहे एवढं सांगून भागत नाही, आधी नाव दिलेल्यांपैकी तो कोणीच नाही हे दाखवावं लागतं, आणि आमचा सगळा वेळ जातो तो यात. कोळ्यांच्या नोंदलेल्या स्पिशीज २०२२ मध्येच ५०,००० झाल्या. सगळ्या तपासायच्या नसतात, जीनस कळला की आवाका कमी होतो, पण त्या जीनसमधल्या प्रत्येक स्पिशीजचं मूळ वर्णन मात्र काढून वाचावंच लागतं, मग ते कितीही जुनं असो. बाकी प्राण्यांची शास्त्रीय नावं स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात, कोळ्यांची मात्र त्याच्याही आधीच्या, क्लर्क नावाच्या स्वीडिश अभ्यासकाच्या १७५७ च्या पुस्तकापासून. जुनी वर्णनं लॅटिनमध्ये, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, कित्येकांना चित्रच नाही, पाचसहा ओळींत पोटाचा रंग आणि पायांवरचे पट्टे सांगितलेत आणि संपलं. आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या कोळ्याचा रंग तर काही वर्षांत उडून जातो.

मग बघायचं काय? नर कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखे दिसणारे दोन छोटे अवयव असतात, पाल्प म्हणतात त्यांना. नर पूर्ण वाढला की पाल्पचं टोक फुगून मुठीसारखं होतं आणि त्या मुठीच्या आत वळ्या, काटे, पडदे आणि एक केसाएवढी बारीक नळी असते जिच्यातून वीर्य मादीपर्यंत पोचतं. चार मिलिमीटरच्या कोळ्यात ही मूठ एक मिलिमीटरचीही नसते. मी डावा पाल्प सुटा करते (डावाच, कारण सगळे डाव्याचंच चित्र काढतात, म्हणजे तुलना सोपी जाते), काचेच्या बशीत बारीक वाळूचा थर, वर अल्कोहोल, त्या वाळूत पाल्प हवा तसा टेकवून ठेवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. एक खालून, एक बाजूने. नळी कुठून निघते, किती वळते, टोक सरळ आहे की आकड्यासारखं, पाल्पच्या नडगीवरचा काटा कुठे वळलाय. मादीची एपिगाइन, म्हणजे पोटाखालचं जननांग, काढून लवंगेच्या तेलात ठेवली की ती पारदर्शक होते आणि आतल्या नळ्यांचा मार्ग दिसायला लागतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन तपकिरी कोळ्यांत इथे जमीनअस्मानाचा फरक निघतो, आणि वरून अगदी वेगळे दिसणारे दोघं इथे एकच निघतात. तुमच्या फोटोत हे काही दिसत नसतं हो, म्हणून मी नाही म्हणते.

माझाच एक अनुभव सांगते. एका नरावर मी सात महिने काम केलं, चित्रं झाली, मापं झाली, त्या जीनसमधल्या एकाही नराशी तो जुळत नव्हता, नवीन म्हणून लिखाण सुद्धा सुरू केलं होतं. पण त्या जीनसमध्ये एक स्पिशीज अशी होती जिची फक्त मादीच माहीत होती, एकोणिसाव्या शतकातलं वर्णन, आणि ती शंका काही मनातून जाईना. त्या मादीचा मूळ नमुना एका म्युझियममध्ये होता, त्यांनी एपिगाइनचे फोटो काढून पाठवले. पुढच्या सीझनला त्याच जागेवर परत गेले, मादी मिळाली, तिची एपिगाइन फोटोशी तंतोतंत जुळली आणि तिचा डीएनए माझ्या नराशी. म्हणजे नवीन काही नव्हतंच, सव्वाशे वर्षं जिचा जोडीदार माहीत नव्हता त्या स्पिशीजचा नर होता तो. आम्ही तेच छापलं, नराचं पहिलं वर्णन म्हणून, आणि मला त्या पेपरचा आजही फार अभिमान आहे. तेव्हा घाई केली असती तर एकाच कोळ्याला दोन नावं झाली असती आणि ती कोणालातरी नंतर निस्तरावी लागली असती.

हा जो मूळ नमुना म्हणतेय ना, त्याला होलोटाइप म्हणतात. नवीन स्पिशीजचं नाव एका ठराविक नमुन्याला बांधलेलं असतं, बाटलीतला तो एक कोळी. वर्णनात चूक असू शकते, चित्र फसवं असू शकतं, पण शंका आली की त्या बाटलीकडे जायचं. म्हणून म्युझियमच्या कपाटांबद्दल मला इतका जीव आहे. २०१२ च्या एका अभ्यासात असं दिसलं की नमुना गोळा केल्यापासून नवीन स्पिशीज म्हणून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात. ओलिंगिटो नावाचा रॅकूनच्या कुळातला प्राणी २०१३ साली जाहीर झाला, पण त्याची कातडी आणि कवट्या म्युझियममध्ये कित्येक दशकं पडून होत्या, आणि एक जिवंत मादी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फिरवली जात होती, त्याच्यासारखाच दिसणारा ओलिंगो समजून, तिची जोडी का जमत नाही म्हणून सगळे बुचकळ्यात!

आता जीनस. इथे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण नावं कशी द्यायची याचे नियम आहेत पण जीनस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कुठलाच नियम सांगत नाही, ते आपल्याला ठरवावं लागतं. कधीकधी अगदी उघड असतं, १९९२ मध्ये व्हिएतनाममध्ये शिकाऱ्यांच्या घरात लांब सरळ शिंगं दिसली आणि पुढच्याच वर्षी साओला हा गाईबैलांच्या कुळातला प्राणी नवीन स्पिशीज आणि नवीन जीनस म्हणून जाहीर झाला. कोळ्यांत असं क्वचित. एक कोळी उचलून नवीन जीनसमध्ये टाकला आणि जुन्या जीनसमध्ये त्याची सख्खी भावंडं राहून गेली, तर आपण नवीन केलं एक आणि मोडलं दुसरं. त्यामुळे एकच नमुना, तोही फक्त मादी, डीएनए नाही, एवढ्यावर नवीन जीनस करू नये असं माझं ठाम मत आहे, काही सहकाऱ्यांना ते पटत नाही आणि आमचे वाद होतात. सिंहाचं शास्त्रीय नाव बघा, पँथेरा लिओ आणि पुढे कंसात लिनियस, १७५८. तो कंस उगाच नाहीये, लिनियसने सिंहाला फेलिस जीनसमध्ये ठेवलं होतं, नंतर तो हलवला, हे त्या कंसावरून कळतं.

जीनसचं नाव तर अख्ख्या प्राणिसृष्टीत दुसऱ्या कोणाचं असून चालत नाही. प्लॅटिपसला आधी प्लॅटिपस हेच जीनसचं नाव दिलं होतं, पण ते एका भुंग्याच्या जीनसने आधीच घेतलेलं, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव ऑर्निथोऱ्हिंकस झालं. आणि हो, स्वतःचं नाव देता येतं का हेही बरेच जण विचारतात. नियमात बंदी नाही, पण कोणी देत नाही, शोभत नाही ते.

तर फोटो पाठवत राहा, मला खरंच हवे असतात, जागा कळते, सीझन कळतो, आणि त्यावरून मी तिथे जाऊन शोधू शकते. तारीख, ठिकाण, कुठल्या झाडावर का दगडाखाली, अंदाजे आकार, वरून एक आणि तोंडाकडून एक फोटो. पाल्पचं टोक फुगलेलं नसेल तर ती मादी असेल नाहीतर पिल्लू, आणि पिल्लावरून मी मायक्रोस्कोपखाली सुद्धा स्पिशीज सांगू शकत नाही, शेवटची कात टाकल्याशिवाय ते अवयव तयारच होत नाहीत. तेव्हा त्याला तिथेच राहू द्या आणि दोनतीन आठवड्यांनी त्याच झाडावर परत बघा.