आखूड नळी, 25 मीटर : तिसरी नोंद

एअर रायफल आधीच्या नोंदींतलीच. नळी मोडून (खाली वाकवून) भरायची, स्प्रिंगची, .177 इंची (4.5 मिमी) छर्ऱ्याची, नळी 30 सेंमी. नेमबाजीची लेन लातूरच्या एका रिकाम्या भुसार गोदामात. मागे वाळूची पोती, पुढे गोणपाटाचे चार पदर, डोळ्यांवर चष्मा.

10 मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात, 25 वर कटिंगच्या ग्लासाच्या तोंडाएवढे पसरतात. नळीला शिव्या घालणं सोपं, पण दोष तिचा नाही. स्प्रिंगच्या रायफलीत पिस्टनचा धक्का क्षणाचा. छर्ऱ्याला मिळायचा तो वेग साधारण पहिल्या 20-25 सेंमीतच मिळतो. वर आखूड नळी लवते कमी आणि छर्रा लवकर सुटतो.

नडतं ते दोन साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर. ते 35 सेंमी असेल आणि नेम 0.1 मिमीने हुकला, तर 25 मीटरवर छर्रा 7 मिमी सरकतो. अंतर 60 सेंमी केलं की तीच चूक 4 मिमीवर येते. म्हणून रायफलीच्या तोंडावर 25 सेंमीची ॲल्युमिनियमची पोकळ नळी क्लॅम्पने बसवली आणि पुढची साइट तिच्या टोकाला नेली. आतला व्यास 12 मिमी, कारण छर्रा कुठेही घासता कामा नये. रायफल मोडताना हात या नळीवर ठेवायचा नाही. क्लॅम्प केसभर फिरला तरी झीरो (नेम आणि छर्रा यांचा जुळवलेला मेळ) गेला. मोह मात्र होतो, तरफ लांब मिळते ना!

एवढं करूनही मधेच एखादा छर्रा खाली जायचा. नळी जिथे मोडते त्या जोडावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवून एक शॉट मारला, पट्टी फडफडली. म्हणजे सील गळत होतं. ओ-रिंग (सीलची रबरी कडी) बदलली, खाली पातळ शिम (चकती) घातला, बटाचे (दस्त्याचे) स्क्रू आवळले. हे स्क्रू दर 50 शॉट्सनंतर बघायचेच. नळीच्या तोंडाची कडा इअरबडने तपासावी. कापसाचा धागा अडकला तर तिथे कडा खरखरीत आहे.

छर्रे बदलल्याचा फायदा सगळ्यात मोठा. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, पण तो 10 मीटरचा गडी. 170 मी/से वेगाने निघाला आणि 2 मी/से आडवा वारा असला, तर 25 मीटरवर हिशोबाने तीन-साडेतीन सेंमी ढकलला जातो. गोल तोंडाचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. गोदामाची दोन्ही शटर उघडी असली की एवढी झुळूक आत असतेच. गोल तोंडाचे घ्या, मागचा घेर चेपलेले बाजूला काढा, एकाच मापाच्या डोक्याचे वापरा. डबा बदलला की झीरो नव्याने.

मे महिन्यात सकाळी आठच्या आत उरकावं. पत्रा तापला की पिस्टनचं ग्रीस पातळ होऊन पुढे येतं, दाबाने पेटतं. मोठा आवाज, तोंडातून धूर आणि छर्रा वर. तेलाचे थेंब टाकून हा आजार वाढतो, कमी होत नाही. रायफल गाडीच्या डिकीत तर ठेवूच नये.

आजचा पाच छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, मध्य ते मध्य 31 मिमी. धरण्याची पद्धत : पुढचा हात उघडा, मुठीत आवळायचा नाही, रायफलीला मागे-पुढे मोकळं हलू द्यायचं. आवळून मारलेला ग्रुप याच छर्ऱ्यांनी 50 मिमीच्या पुढे गेला. आता ट्रिगर. त्याच्या ओढीचा दुसरा टप्पा अजून घासतोय.