रडीचा डाव

रग्बीच्या विश्वचषकाला ज्याचं नाव आहे, त्या विल्यम वेब एलिसने रग्बीसाठी काय केलं? तर एक फाउल. तोही शाळेच्या मैदानावर, १८२३ साली, मिसरूड फुटायच्या वयात. आणि तो त्याने केलाच होता की नाही, हेही आजवर धड ठरलेलं नाही. मला हा माणूस आवडतो तो म्हणूनच.

इंग्लंडातल्या रग्बी गावच्या शाळेत तेव्हा जो फुटबॉल खेळत, त्यात चेंडू झेलायला मुभा होती. झेलला की झेलणाऱ्याने मागे सरायचं आणि सावकाश लाथ मारायची, किंवा दुसऱ्याला मारता यावा म्हणून चेंडू जमिनीवर मांडून द्यायचा. तोवर समोरच्यांनी झेल घेतल्या जागेच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. एलिस म्हणे मागे सरलाच नाही. चेंडू कवटाळला आणि सुटला समोरच्या गोलाकडे! असं चेंडू हातात घेऊन पळणं हाच पुढे रग्बीचा प्राण ठरला.

मुळात तो त्या शाळेत आला तोच गरजेपोटी. १८११ मध्ये स्पेनमधल्या अल्बुएराच्या लढाईत वडील पडले. गावाच्या दहा मैलांच्या आत राहणाऱ्या मुलांना फी माफ, म्हणून आईने बिऱ्हाडच रग्बीला हलवलं. खेळाच्या इतिहासात या बाईंचंही नाव कुठेतरी कोरायला हवं होतं, असं मला वाटतं. पुढे ऑक्सफर्ड. तिथे तो १८२७ साली केंब्रिजविरुद्ध क्रिकेट खेळला, मग पाद्री झाला. लंडनच्या सेंट क्लेमेंट डेन्समध्ये प्रवचनं दिली, नंतर एसेक्समधलं एक खेडेगावचं चर्च सांभाळलं, लग्न केलं नाही. १८७१ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड हा रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना एडिंबराला झाला तेव्हा तो हयात होता. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या मांतों गावी वारला. हा खेळ आपल्यापासून सुरू झाला, असं त्याला जन्मात कुणी म्हणालं नव्हतं.

म्हणाले ते चार वर्षांनी. मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने १८७६ मध्ये ही हकीकत लिहिली. हे गृहस्थ त्या प्रसंगाआधीच शाळा सोडून गेलेले, म्हणजे सगळा ऐकीव मामला. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी मांडली, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार मिळेना. थॉमस ह्यूज हे एक जुने विद्यार्थी म्हणाले, आमच्या वेळी चेंडू घेऊन पळताना एखादं पोर मेलं असतं, तर मारणाऱ्यांना पोरांच्या पंचांनी निर्दोषच सोडलं असतं. एलिसला प्रत्यक्ष ओळखणारे सापडले ते थॉमस हॅरिस. तो प्रसंग त्यांनी पाहिला नव्हता, पण माणूस पक्का आठवत होता. क्रिकेट उत्तम खेळायचा म्हणाले, फुटबॉलमध्ये मात्र रडी खेळतो असाच त्याचा लौकिक होता. सत्तर वर्षं उलटली तरी म्हातारबांचा राग काही गेलेला नव्हता!

गंमत म्हणजे, सगळ्या चौकशीत मला खरीखुरी वाटते ती एवढी एकच साक्ष. पण समितीने निकाल दिला ब्लॉक्समच्या बाजूने, आणि १९०० साली शाळेच्या भिंतीत शिळा बसली. एलिसने आपल्या काळच्या नियमांची मोठ्या झोकात पर्वा केली नाही, असं तिच्यावर कोरलंय. ती वाचून हॅरिसबुवा काय बोलले असते, ते ऐकायला मी एक सामना सोडून गेलो असतो.