२२ सुया की ४८?

अंगठा दुखायला लागल्यापासून दोन सुयांवरची टोपी महिनाभर पिशवीतच पडून राहायची. विणकाम तर सोडवत नव्हतं, म्हणून गोल विणकामाचं मशीन बघायला घेतलं.

यात मोटरबिटर काही नसते. प्लास्टिकच्या कड्यात उभ्या सुया आणि बाजूला हँडल. ते फिरवलं की सुया एकामागून एक खाली-वर होतात आणि मधून लोकरीची नळी उतरते. सासूबाई बघून म्हणाल्या, "अगं, हे तर शेवयांचं यंत्र!"

खरा घोळ सुयांच्या संख्येचा. २२ सुयांचं मशीन स्वस्त आणि आटोपशीर. नशिबाने मैत्रिणीकडे होतं, ते मागून आणलं. तासाभरात नळी तयार झाली, पण नातवाच्या डोक्यात काही शिरेना. हाताला मात्र फक्कड बसली! घेर ठरतो सुयांवर. हँडल कितीही फिरवा, वाढते ती लांबीच. एवढंसं कळायला माझा एक गुंडा खर्ची पडला. सेंट्रो ब्रँडची मशीनं २२, ४० आणि ४८ सुयांची मिळतात. जर्मन अ‍ॅडी २२ किंवा ४६ सुयांची, पण तिची किंमत बघून मी गप्प बसले. मोठ्यांच्या टोप्याही करायच्या होत्या, म्हणून ४८ सुयांचं घेतलं.

पहिले चार दिवस रडकुंडीला आले. घरातली उरलेली बारीक लोकर लावली, तर टाके मच्छरदाणीसारखे विरळ. मग ती अर्धवट नळीच घेऊन रविवार पेठेत गेले. दुकानदाराने ती ताणून बघितली आणि मध्यम जाडीची, गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक पुढे केली. केसाळ लोकर सुयांत अडकते, फार जाड लावली तर हँडलच जाम होतं. बारीक संपवायचीच असेल तर दोन धागे एकत्र घ्यावेत, हे त्यांनीच सांगितलं.

पहिली फेरी अगदी सावकाश घालायची: धागा एका सुईच्या पुढून, दुसरीच्या मागून. घाई केली की एखादी सुई धागा पकडत नाही आणि दहा फेऱ्यांनंतर खाली ओघळलेला टाका दिसतो. क्रोशाच्या सुईने तो शिडीसारखा वर चढवत आणावा लागतो. मशीनचे रबरी पाय लाकडी टेबलावर सरकायचे, म्हणून मी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवलं. तिथे घट्ट चिकटतं.

मशीन नुसता सुलट टाका घालतं. काठाची उलट-सुलट वीण हवी असेल तर हातानेच. त्यामुळे जुन्या सुया काही माळ्यावर गेलेल्या नाहीत.

माझ्या लोकरीत ११० फेऱ्यांची नळी झाली की दोन्ही तोंडं आवळून अर्धी आत ढकलते. दुहेरी कानटोपी तयार! हँडल आता सासूबाईंकडे असतं. काल त्या मालिका बघत फिरवत बसल्या. मी येऊन बघते तो मशीनच्या फेऱ्या मोजणाऱ्या काउंटरवर २४०. टोपीचा मफलर झाला होता.