विहीर मिळेल, पण टोमॅटोला पाणी घालता येणार नाही

कोलोराडोत मी भूजल सल्लागाराचं काम करतो. कोविडनंतर आमच्याकडे एक नवीन जातीचं गिऱ्हाईक यायला लागलं. शहरात चांगली नोकरी, गाठीला बऱ्यापैकी पैसा आणि डोक्यात एकच किडा: उद्या सगळं कोलमडलं तर जायचं कुठे? डेन्व्हरचं एक मराठी जोडपं त्यातलंच. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, ओळख इथल्या गणेशोत्सवातली. त्यानं एक्सेलमध्ये बऱ्याच काउंट्यांना गुण दिले होते. जमिनीचा भाव, लोकवस्ती, ऊन, भूकंप, मोठ्या शहरापासूनचं अंतर, काय वाटेल ते. पहिली आली राज्याच्या दक्षिण टोकाची कोस्तिया काउंटी. तीन हजार चौरस किलोमीटरवर माणसं जेमतेम साडेतीन हजार, सूर्यप्रकाश मुबलक आणि पाच एकरांचा तुकडा जुन्या गाडीच्या किमतीत. पाण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘विहीर शक्य’.

“काका, तेवढं विहिरीचं बघून द्या. बाकी सगळं मी तपासलंय.”

बाकी सगळं तपासलंय असं कुणी म्हणालं की मी गाडीची टाकी फुल करून ठेवतो.

एप्रिलअखेरचा शनिवार. ला व्हेटा खिंड उतरून फोर्ट गार्लंडला आलो, तिथून कच्च्या रस्त्यानं प्लॉटवर. समोर ब्लांका शिखर, चौदा हजार फुटांच्या वर, बर्फानं झाकलेलं. पायाखाली आठ हजार फुटांवरची सपाट माळरानं आणि चिको नावाची गुडघाभर रानटी झुडपं. वारा असा की नकाशा उघडता येईना. गेल्या शतकात या माळाचे पाच-पाच एकरांचे हजारो तुकडे पाडून जाहिरातींवर विकले गेले. बहुतेकांवर आजही खुंटीशिवाय काही नाही. शेजारच्या तुकड्यावर एक कॅराव्हॅन होती आणि तिच्यामागे लोखंडी पिंजऱ्यातली पांढरी प्लास्टिकची टाकी. मालक ट्रेलरवरून पाणी वाहून आणतो. हिवाळ्यात काय करतोस म्हटलं, तर हसून टाकीला पडलेली चीर दाखवली. इथे पारा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो.

परवान्याचं मी तिथेच सांगितलं. 35 एकरांपेक्षा लहान तुकड्याला इथे सहसा फक्त घरगुती वापराची विहीर मिळते. घरगुती म्हणजे घराच्या भिंतींच्या आत. स्वयंपाक, अंघोळ, संडास. बाहेर बाग नाही, गुरं नाहीत.

“कोंबड्या?” तिनं विचारलं. तिच्या यादीत बारा कोंबड्या आणि दोन शेळ्या होत्या.

“कोंबड्याही नाहीत.”

“पण इथे बघायला कोण येतंय, काका?”

“पाणी खात्याचा माणूस येतो. त्याच्याआधी शेजारी तक्रार करतो.”

हे काही अधिकाऱ्यांचं खूळ नाही. या राज्यात ज्यानं आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी, आणि रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातलं पाणी केव्हाच वाटून संपलंय. नदीचा काही हिस्सा 1938 च्या करारानं खाली न्यू मेक्सिको आणि टेक्सासला सोडावा लागतो. पाऊस म्हणाल तर बर्फ धरून वर्षाला आठ-दहा इंच. आपल्या माणदेशातही याच्या दुप्पट पडतो. छतावरचं पाणी सर्रास साठवायची मुभासुद्धा 2016 च्या कायद्यानं मिळाली, तीही दोन पिंपं, मिळून 110 गॅलन.

तो म्हणाला, सगळं कोलमडल्यावर परवाना कोण विचारणार? ठीक आहे, नाही विचारणार. पण काही शे फूट खोलवरून पाणी उपसणारा पंप त्या दिवशी जळला तर तो वर कोण काढणार? यावर तो गप्प झाला. लाकूडफाट्याला मात्र त्यानं पैकीच्या पैकी गुण दिले होते, कारण पूर्वेला डोंगरभर जंगल. तो डोंगर 1844 च्या मेक्सिकन इनामातला. 1960 मध्ये एका लाकूड व्यापाऱ्यानं तो विकत घेऊन गावकऱ्यांची वाट बंद केली. चार दशकं भांडून 2002 मध्ये गावकऱ्यांनी सरपणाचा आणि चराईचा हक्क परत मिळवला. पण तो हक्क जुन्या वस्तीच्या जमिनींना चिकटलेला आहे, माळावरच्या पाच एकरांना नाही. शिवाय 2018 च्या उन्हाळ्यात याच काउंटीत पेटलेल्या वणव्यात लाखाहून जास्त एकर जळालं. ते एक्सेलमध्ये कुठेच नव्हतं.

मग मी त्यांना सान लुईसला नेलं. कोलोराडोतलं हे सगळ्यात जुनं गाव, 1851 चं. इथल्या ‘पीपल्स डिच’ या पाटाचा हक्क 1852 चा, अख्ख्या राज्यात पहिल्या नंबरचा. गावाला अजून सामाईक गायरान आहे. पाटाला इथे आसेकिया म्हणतात, पाणी वाटून देणाऱ्याला मायोर्दोमो. माझं आजोळ साक्री तालुक्यातलं, त्यामुळे मला तो सरळ पांझरा नदीवरच्या फड पद्धतीतला, पाळीनं पाणी देणारा पाटकरी वाटतो. त्या दिवशी पाटाची सफाई चालली होती. तीसेक माणसं पाटात उतरलेली, म्हातारे आणि शाळकरी पोरंही, प्रत्येकाला आपापला तुकडा आखून दिलेला. गाळ काढायचा, विलोची मुळं तोडायची, पुढे सरकायचं.

आमच्या एक्सेलवाल्यानं मायोर्दोमोला विचारलं, पाटाखालची जमीन काय भावानं मिळेल? त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “फावडं आणलंय?” आणलं नव्हतं. त्यानं दिलं. तासाभरात दोन्ही तळव्यांना फोड. त्याची बायको मात्र खमकी, बूट काढून चिखलात उतरली आणि एका आजीबाईंकडून बोलिता नावाच्या इथल्या घेवड्याची पेरणी कधी करायची ते विचारून आली. पिकावर हिम पडत नाही असे महिने जेमतेम तीन, त्यात कुठलं वाण पिकतं हे त्या आजींना ठाऊक.

अहवालात मी लिहिलं: माळावरचा प्लॉट सुट्टीतल्या खोपटाला ठीक, त्यावर पोट भरणार नाही. पस्तीस एकर घेतले तर एक एकरापर्यंत बाग भिजवता येईल आणि जनावरंही पाळता येतील, पण थंडी तीच. पाटाखालची जमीन उत्तम, पण ती क्वचित विकली जाते. 2009 च्या कायद्यानं आसेकियांना आपल्या नियमांत सभासदांकडून श्रमदान घेता येतं, एकराऐवजी माणशी एक मत ठेवता येतं आणि पाण्याचा हक्क विकायला निघाला तर तो आधी स्वतः घेण्याचा अधिकारही राखता येतो. म्हणजे नुसते पैसे घेऊन गेलं की पाणी मिळालं, असं तिथे होत नाही.

तो दोन आठवडे रुसला होता. नंतर तिचा फोन आला. सान लुईसमध्ये हिवाळ्यापुरतं भाड्यानं घर बघतायत. मोठं इस्पितळ आलामोसाला, चाळीस मैलांवर, हे तिनं आधीच काढून ठेवलं होतं. म्हणाली, “काका, फेब्रुवारी निघाला तर जमिनीचं बोलू.”