वाऱ्याला वाट देणारा मांडव

लाकूडकामातले बहुतेक टप्पे माणूस आपल्या सोयीने उरकतो. कापणे, रंधा मारणे, सांधे जुळवणे, घासणे ही कामे उन्हात होतात, दिव्याखाली होतात आणि कंटाळा आला तर उद्यावर ढकलताही येतात. स्प्रे गनने लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा पारदर्शक लेप, मारण्याचा शेवटचा टप्पा मात्र हवेच्या मर्जीने चालतो, आणि ज्याच्याकडे स्प्रे बूथ, म्हणजे फवारणीची बंदिस्त खोली, नाही त्याने उघड्यावर तात्पुरता आडोसा उभारायला घेतला की ही गोष्ट फार लवकर ध्यानात येते.

पहिला विचार जवळजवळ सगळ्यांचा एकच असतो. धूळ नको, किडे नकोत, वारा नको, तेव्हा चार बांबू रोवावेत, चारी बाजूंनी आणि वरून प्लास्टिक ताणावे आणि आत शिरून काम उरकावे. दिसायला ही खोली चोख असते, पण पहिला हात पुरा होण्याआधीच आत धुके साचते, कारण गनमधून निघालेला सगळा माल काही लाकडावर बसत नाही. पुष्कळ हवा कमी दाबाने सोडणाऱ्या, एचव्हीएलपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गनमध्ये तोंडाशी हवेचा दाब 10 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला 10 पौंडांच्या) वर जात नाही आणि किमान 65 टक्के माल वस्तूवर बसावा अशी तिच्याकडून अपेक्षा असते. ती पुरी झाली तरी जवळजवळ तिसरा हिस्सा हवेत तरंगू शकतो, तिथेच अर्धवट वाळतो आणि सावकाश खाली येऊन ओल्या पृष्ठभागावर चिकटतो. सुकल्यावर हात फिरवावा तर फळी खरखरीत लागते आणि दोष बाहेरच्या धुळीच्या माथी मारला जातो. ती बिचारी आत आलेलीही नसते.

म्हणून असा मांडव घालताना हवा अडवण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. ती कुठून आत यावी आणि कुठून बाहेर पडावी, एवढे ठरवता आले की पुरे. वाऱ्याची झुळूक आपल्या पाठीकडून यावी, आपल्यावरून वस्तूकडे जावी आणि उरलेले धुके घेऊन मागच्या अंगाने निघून जावी, अशी मांडणी सगळ्यात बरी. वर छत, दोन बाजूंना पडदे, पुढची बाजू मोकळी, आणि मागे सलग प्लास्टिक न लावता हवा गाळणाऱ्या फिल्टरची जाळी. मागची बाजू पूर्ण बंद केली तर हवा तिथे आपटून उलटी फिरते आणि सगळे धुके तोंडावर येते. जाळीच्या खाली जमिनीलगत थोडी फट ठेवणेही शहाणपणाचे, कारण लॅकर पातळ करणाऱ्या थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती पायाशी साचते. वारा नक्की कुठे वाहतो आहे हे कळण्यासाठी पुढच्या आडव्या बांबूला लोकरीचा एक धागा लोंबता सोडावा. गन हातात घेण्याआधी थोडा वेळ त्या धाग्याकडे बघत उभे राहिले तर पुष्कळ मनस्ताप टळतो.

झुळूक पुरेशी नाही म्हणून घरातला पंखा आणून मागे लावण्याचा मोह अनेकांना होतो. साध्या पंख्याच्या मोटारीत किंवा बटणात ठिणगी पडू शकते आणि लॅकरच्या वाफेला तेवढी पुरते. वाफेच्या वाटेत मोटार येऊ द्यायची नाही, एवढा एक नियम मी कोणाशीही वाद न घालता पाळतो. हवा अगदीच पडली असेल तर काम थांबवावे. फळीला कसलीही घाई नसते.

प्लास्टिकच्या पडद्यांचा स्वभावही समजून घ्यावा लागतो. ते वाऱ्याने फडफडतात आणि कोरड्या हवेत घासले गेले की त्यांच्यावर स्थिर वीज साठते, मग आसपासची धूळ ते आपणहून ओढून घेतात. खालच्या कडेत एखादा पाइप गुंडाळून वजन दिले आणि आतली बाजू ओल्या फडक्याने पुसून घेतली तर दोन्ही खोड्या बऱ्याच कमी होतात. जुन्या सुती चादरी वापरू नयेत, त्यांचे तंतू सुटतात. जमिनीवर पाणी शिंपडले की माती बसते हे खरे, पण त्याच पाण्याने आतली हवा दमट होते, आणि लॅकरचे दमट हवेशी मुळीच पटत नाही.

हे वैर जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडून जातो आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे ओला थर भोवतालच्या हवेपेक्षा थंड पडतो. तापमान 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले पाणी जमू लागते तो, 26 अंशांच्या आसपास असतो, म्हणजे पृष्ठभाग अवघा चार अंशांनी निवला तरी हवेतले पाणी त्यावर जमते आणि पारदर्शक थराच्या जागी पांढुरकी साय दिसू लागते. त्याच तापमानाला आर्द्रता 40 टक्के असेल तर दवबिंदू 15 अंशांपर्यंत खाली असतो आणि तेवढी थंडी पृष्ठभागाला सहसा गाठता येत नाही. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळून या सायीवर मात करता येते, पण मग थर जास्त वेळ ओला राहतो आणि किड्यांना तेवढीच जास्त संधी मिळते. उलट टोकाला कडक ऊन आहे. तापलेल्या लाकडावर लॅकरची वरची साल आधी धरते, आत अडकलेला थिनर बाहेर पडण्यासाठी धडपडतो आणि बारीक फोड उमटतात. सकाळचे दव वाळून गेलेले आहे आणि जोराचा वारा अजून उठलेला नाही, असा जो थोडा वेळ मिळतो तोच खरा आपला, आणि तोही सावलीत.

मास्कबद्दल लोक फार निष्काळजी असतात. फवारणीची ही कल्पना रंगकामातून निघालेली नाही. अमेरिकेतल्या ॲलन डेव्हिलबिस नावाच्या डॉक्टरने घशात औषध फवारण्यासाठी एक उपकरण केले होते, आणि त्याच्या मुलाने, थॉमसने, त्याच तत्त्वावर 1907 च्या सुमारास रंगाची स्प्रे गन बनवली. मुळात घशात उतरण्यासाठी जन्मलेली ही युक्ती आपला घसा विसरेल, असे मानण्याचे कारण नाही. उघड्यावर आहोत म्हणून रुमाल बांधून भागत नाही. सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या डब्यांचा मास्क हवा, आणि त्याच्या कडा चेहऱ्याला घट्ट बसलेल्या हव्यात. हार्डनर मिसळावे लागणारे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मात्र मी अशा मांडवात मारतच नाही. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाचा वास धोक्याची सूचना वेळेवर देत नाही, त्याने दमा जडू शकतो, आणि मागच्या जाळीतून बाहेर पडणारी हवा शेवटी कोणाच्या तरी खिडकीकडेच जाणार असते.

एवढी सिद्धता झाल्यावर प्रत्यक्ष फवारणी फार थोड्या वेळात संपते, पण तेच या सगळ्या खटाटोपाचे सुख आहे. दिवा किंवा आकाशाचा उजेड तिरपा पडेल असे उभे राहावे. गन फळीपासून वीतभर अंतरावर, काटकोनात धरावी, मनगट न वळवता सगळा हात सरळ न्यावा, घोडा कड येण्याआधी दाबावा आणि कड ओलांडल्यावर सोडावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. तिरप्या उजेडात पाहिले की पावसाच्या पहिल्या शिंतोड्यांसारखे सुटे थेंब आधी दिसतात, मग ते एकमेकांत मिसळतात आणि क्षणभराने सलग ओली चकाकी गनच्या मागोमाग सरकत जाते. चकाकी तुटली तर हात पळतो आहे किंवा गन लांब आहे. ती जाड होऊन खालच्या कडेशी फुगली तर ओघळ आलाच म्हणून समजावे.

इतके करूनही एखादे चिलट येऊन बसतेच. ओल्या थरात बोट घालून त्याला काढू पाहणारा माणूस चिलटाहून मोठा खड्डा पाडतो. थर पूर्ण वाळू द्यावा, मग सुईच्या टोकाने ते उचलावे, तेवढी जागा 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी आणि पुढच्या हातात ती भरून घ्यावी.

मांडव उतरवताना पडद्यांच्या आतल्या बाजूला वाळलेल्या लॅकरची पूड चिकटलेली असते. पडदे झटकू नयेत, ती बाजू आत ठेवून गुंडाळावेत. आणि पुढच्या खेपेला उलटसुलट न होता तीच बाजू पुन्हा आत यावी म्हणून बाहेरच्या बाजूवर खडूने खूण करून ठेवावी. जाळीतला फिल्टर मात्र घरात आणू नये. लॅकरने माखलेला असा फिल्टर पेट घेऊ शकतो, म्हणून तो पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून मोकळ्या जागीच ठेवावा.