१९१३ सालचा दाखला

माझ्या अमेरिकन सासूबाईंची पणजी चेरोकी या अमेरिकेतील मूळनिवासी जमातीची राजकन्या होती, असे त्यांच्या माहेरी सांगितले जाते आणि पुरावा म्हणून भिंतीवरच्या छायाचित्रातील तिच्या उंच गालफडांकडे बोट दाखवले जाते. चेरोकींमध्ये राजकन्या हा प्रकारच नव्हता, हे ठाऊक असूनही मी वंशावळ शोधण्याचे कबूल केले.

जनगणनेचे कागद घरबसल्या मिळाले. त्यांत ती टेनेसी राज्यात जन्मलेली आणि गोरी म्हणून नोंदलेली होती. घोडे अडले ते तिच्या माहेरच्या आडनावापाशी, कारण त्याशिवाय चेरोकींच्या जुन्या सरकारी नावनोंदणी याद्यांत शोधणार काय? ती १९१३ मध्ये वारली, म्हणून मी मृत्यूच्या दाखल्यासाठी एका कार्यालयाकडे शुल्कासह अर्ज पाठवला. सहा आठवड्यांनी ‘नोंद आढळली नाही’ एवढेच उत्तर आले. मी आडनावाचे स्पेलिंग बदलून पाहिले, मग शेजारची कौंटी, म्हणजे जिल्हा, घातली. दोन्ही वेळा तेच वाक्य, तोच शिक्का आणि नव्याने शुल्क. पाच महिन्यांनी फोनवरच्या एका बाईंनी सहज सांगितले की, टेनेसीचा मृत्युनोंदणीचा जुना कायदा १९१२ अखेर संपला आणि नवा १९१४ पासून लागू झाला, त्यामुळे १९१३ च्या राज्यस्तरीय नोंदीच नाहीत. हे पहिल्याच पत्रात लिहायला कोणाचे काय गेले असते?

अखेर तिच्या थोरल्या मुलाचा १९३१ चा दाखला मागवला. त्यात आईच्या माहेरच्या नावाचा रकानाच असतो. मी तिथूनच सुरुवात करायला हवी होती. लाळेच्या डीएनए चाचणीवरही पैसे घालवू नयेत, कारण तिच्यातून जमात कळत नाही आणि चेरोकी नेशन या जमातीच्या स्वशासित राष्ट्राचे नागरिकत्व डॉझ यादी या जुन्या सरकारी सदस्ययादीतील पूर्वजावरूनच ठरते.

आडनाव हाती येताच मिलर यादी या भरपाईस पात्र चेरोकींच्या यादीसाठी आलेल्या अर्जांत पणजीचा सख्खा भाऊ सापडला. अमेरिकन सरकारने चेरोकींशी केलेल्या करारभंगाच्या भरपाईचा वाटा मिळावा म्हणून त्याने १९०७ मध्ये अर्ज केला होता. बहिणींच्या रकान्यात पणजीचे नाव, सहीच्या जागी फुली आणि आजीविषयी ‘ती चेरोकी असल्याचे लहानपणी ऐकले’ एवढाच आधार. अर्ज फेटाळला गेला होता. नाकारलेले अर्जही जपून ठेवलेले आहेत, तेही अवश्य पाहावेत.

सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, “म्हणजे त्यांनाही कोणीतरी सांगितलेलेच होते?”