कागदावर चढलेली लाइन

"सर, मिस्त्री पाईप उतरवायला तयार नाही. म्हणतो, पाणी उलटं येणार."

साईटवरच्या तरुण इंजिनिअर मुलीचा हा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कामाच्या बिलांत गुंतलो होतो. काम पुण्याच्या पूर्वेकडचं. एका नव्या वस्तीची ड्रेनेज लाइन जुन्या मोठ्या लाइनला जोडायची होती. डिझाइन बाहेरच्या एका ऑफिसनं केलेलं. साईटवरच्या शंका निस्तरायचं काम आमच्याकडे. जून तोंडावर आलेला, तीन मीटर खोल चर उघडा आणि पोकलेन भाड्याचा. अशा वेळी "संध्याकाळी मेल करतो" म्हणून भागत नाही. गाडी काढली.

पोचलो तोवर तिनं आपलं गणित मांडून ठेवलं होतं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. चेंबर 14 मध्ये वरून येणाऱ्या पाईपची इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाईपच्या आतल्या तळाची मीटरमधली उंची, 548.450, पुढे जाणाऱ्याची 548.300. चेंबर 15 मध्ये येणाऱ्याची 548.420, जाणाऱ्याची 548.270. म्हणजे दोन्ही चेंबरांत पाणी 15 सेंटिमीटर खाली उतरतंय. ड्रॉइंग तपासताना आपण असंच पाहतो: येणारा वर, जाणारा खाली, टिक करून पुढचं चेंबर. मिस्त्रीनं चेंबर पाहिलंच नव्हतं. त्यानं 14 आणि 15 वरच्या साईट रेलमध्ये, म्हणजे लेव्हल दाखवायला चरावर आडव्या ठोकलेल्या फळ्यांमध्ये, दोरी ताणली होती. 548.300 वरून 548.420. तीस मीटर लांबीत 12 सेंटिमीटरचा चढ, तोही वाहत्या बाजूला.

"साहेब, हितं मोटर बसवनार हाय का?" त्यानं शांतपणे विचारलं.

गोंधळ वाढवायला प्लॅनवर पाईपच्या मधोमध वाहण्याचा बाण होता आणि तो बरोबर 14 कडून 15 कडेच होता. त्याखाली 450 मि.मी. व्यास, 30.000 मी. लांबी, 1:250 उतार. सगळं ठीक, फक्त दोन आकड्यांचं भांडण. ठेकेदाराकडे प्लॅनची ए-थ्री झेरॉक्स तेवढी होती. प्रोफाईलचं, म्हणजे लाइनच्या उभ्या छेदाचं, शीट साईटवर पोचलंच नव्हतं. ते असतं तर वाद पाच मिनिटांत मिटला असता, कारण प्रोफाईलमध्ये उभं माप दहापट ताणलेलं असतं आणि उलटा उतार कुणाच्याही डोळ्यात भरतो. मी लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर ठेवून सिव्हिल थ्रीडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाईल उघडली. प्रोफाईलमध्ये रेघ सरळ खाली उतरत होती. मॉडेलमध्ये 14 ला 548.420 आणि 15 ला 548.300, चेंबरमधली घसरण फक्त 30 मि.मी. डिझाइन शाबूत होतं. अदलाबदल झाली होती ती लेबलात, म्हणजे प्लॅनवर पाईपशेजारी छापलेल्या आकड्यांत.

कारण कळायला सोपं आहे. सिव्हिल थ्रीडीत प्रत्येक पाईपला एक 'स्टार्ट' आणि एक 'एंड' टोक असतं, आणि ते ठरतं काढणाऱ्यानं आधी कुठं क्लिक केलं त्यावर. पाणी कुठून कुठं वाहतं याच्याशी त्याचा संबंध नाही. वाहण्याची दिशा ही वेगळी नोंद; ती 'उतारानुसार' ठेवली की प्रोग्राम लेव्हल बघून बाण बरोबर लावतो. इथं लेबलची स्टाईल करणाऱ्यानं स्टार्ट इन्व्हर्टच्या आधी 'यू/एस' (अपस्ट्रीम, वरची बाजू) आणि एंड इन्व्हर्टच्या आधी 'डी/एस' (डाउनस्ट्रीम, खालची बाजू) ही अक्षरं हातानं टाइप केली होती. सगळे पाईप वरून खाली काढले असतील तोवर हे वर्षानुवर्षं खपून जातं. हा तुकडा मात्र रस्त्याच्या क्रॉसिंगचा. मध्ये पाण्याची जुनी लाइन निघाली, आखणी सरकवावी लागली, आणि कुणीतरी आधीचा पाईप पुसून नवा 15 कडून 14 कडे काढला. याला सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येत नाही. विचारलं तेवढंच त्यानं छापलं.

मग नेटवर्कमधल्या सगळ्या पाईपांची यादी एक्सेलमध्ये घेतली आणि जिथं स्टार्टपेक्षा एंड उंच आहे त्या ओळी वेगळ्या काढल्या. असे आणखी काही निघाले, बहुतेक गल्लीतल्या फाट्यांवर. नशीब, तिकडे अजून खोदाई नव्हती.

खरी खडाजंगी फोनवर झाली. डिझाइन ऑफिसच्या ड्राफ्ट्समनकडे उपाय तयार होता: लेबलसाठी एक एक्स्प्रेशन, म्हणजे छोटा फॉर्म्युला, लिहायचा, दोन्ही टोकांतली मोठी लेव्हल 'यू/एस'पुढे आणि लहान 'डी/एस'पुढे आपोआप छापली जाईल. सुबक उपाय, आणि मला तो अजिबात मान्य नव्हता. उद्या खरोखरच एखादा पाईप उलट्या उताराचा पडला, तर हे लेबल मोठा आकडा वरच्या बाजूचा म्हणून छापत राहील आणि कागद कायम निर्दोष दिसेल. आज निदान मिस्त्रीला दोरी ताणून संशय तरी आला. आकड्यांवर असा इस्त्री फिरवणारा फॉर्म्युला मला चुकीच्या लेबलापेक्षा धोक्याचा वाटतो.

मी सांगितलं, लेव्हल पाईपवरून उचला आणि चेंबरला लावा. चेंबरच्या लेबलमध्ये जोडलेल्या प्रत्येक पाईपसाठी वेगळी ओळ येते, येणारे आणि जाणारे वेगळे छापता येतात, आणि ही विभागणी वाहण्याच्या दिशेवरून होते, क्लिकवरून नाही. पाईप कुठल्या दिशेचा, तेही सोबत येतं. तसंही लेव्हल घेणारा माणूस स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, घेऊन चेंबरच्या खड्ड्यात उभा असतो, पाईपच्या मध्यावर कुणी उभं राहत नाही. पाईपवर व्यास, लांबी, उतार आणि बाण पुरेत.

हे चाललेलं मिस्त्री ऐकत होता. मग त्यानं त्याची मागणी पुढे केली: पाईप बसल्यावर इन्व्हर्टला स्टाफ पोचत नाही, तो पाईपच्या डोक्यावरच ठेवावा लागतो. डोक्याची लेव्हल द्या. मागणी रास्त होती. लेबलमधलं 'क्राऊन' म्हणजे पाईपचा आतला माथा; स्टाफ टेकतो बाहेरच्या माथ्यावर. आमच्या आरसीसी पाईपची भिंत 75 मि.मी. तेवढा फरक विसरून कुणी व्यास वजा करत बसला, तर 1:250 च्या उतारात जवळजवळ 19 मीटर लांबीतला उतार गिळला जातो. म्हणून इथं एक्स्प्रेशन मी आनंदानं मान्य केलं: क्राऊन अधिक भिंतीची जाडी. चेंबर 14 ला 548.945.

खात्याच्या इंजिनिअरांनी नव्या शीटवर हरकत घेतलीच. त्यांच्या नमुन्यात इन्व्हर्ट पाईपवर लिहायची पद्धत आहे. शेवटी प्लॅनवर चेंबरची लेबलं ठेवली, पाईपच्या दोन्ही टोकांच्या लेव्हल प्रोफाईलवर दिल्या, आणि जुन्या झेरॉक्स गोळा करून त्यांवर 'रद्द' मारलं. मिस्त्री मात्र या शीटसाठी थांबला नव्हता. 548.420 आणि 548.300 हे दोन आकडे मी त्याच दुपारी त्याच्या वहीत लिहून सही केली होती, आणि मी निघेपर्यंत त्यानं दोन्ही रेल नव्या उंचीवर ठोकल्या होत्या.